सिस्टर, एक विचारू? : पोराच्या हातून पुडी मागवू नका

या महिन्यात आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त एकाच दुखण्याची आहेत. कुणाचं पोरगं पिऊन आलं, कुणाचा नातू काहीतरी हुंगतो, कुणाचा मित्र हातातून निसटतोय. म्हणून या वेळी गुडघेदुखी, शुगर, पाळीच्या तक्रारी बाजूला ठेवल्या आहेत. त्यांची उत्तरं पुढच्या अंकात. पत्रं लिहिणाऱ्यांची नावं-गावं छापत नाही, तालुका तेवढा ठेवला आहे.

नव्या वाचकांसाठी सांगते. मी अंबाजोगाईला राहते. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते, त्यातली शेवटची अकरा मानसोपचार वॉर्डात.

माझा मुलगा नववीत आहे. चुलतदिराच्या लग्नात वरातीत नाचून रात्री एक वाजता आला, तर तोंडाला दारूचा वास. मी चपलेनं मारलं. ह्यांनीबी मारलं. तीन दिवस झाले, जेवतो अन् गप पडून राहतो. आमच्या घरात कुणी बेवडा नाही. हे पाव्हण्या-रावळ्यांत कधीमधी घेतात तेवढंच. पोरगं हातचं गेलं का?
— एक आई, कळंब तालुका

नाही ताई, गेलेलं नाही. एका रात्रीत कुणी बेवडा होत नसतो. डीजेपुढं नाचताना कुणीतरी प्लास्टिकचा ग्लास हातात दिला आणि त्यानं घेतला, एवढंच झालं असेल. पण तो गप आहे, त्याची मला जास्त काळजी वाटते. मार खाल्लेलं पोरगं पुढच्या वेळी पिणं सोडत नाही, प्यायल्यावर घरी येणं सोडतं. मित्राकडं झोपतं, नाहीतर वास जाईपर्यंत रानात बसून राहतं. रात्री एक वाजता तो तुमच्याच दारात आला होता, हे विसरू नका.

आज त्याच्या ताटापाशी बसा. "मारलं ते चुकलं, मी घाबरले होते," एवढं म्हणा आणि भाकरी वाढा. आईनं लेकराजवळ चूक कबूल केली म्हणून तिचा मान जात नाही. दोन घास पोटात गेले की विचारा, कुणी दिली? मारणार नाही, ओरडणार नाही, असं आधी सांगा आणि तो शब्द पाळा.

नाव कळलं की पुढचं बोलणं त्या माणसाशी. दाजी असो, मामा असो, नवरदेवाचा मित्र असो, तुमच्या मालकांनी जाऊन त्याला सांगायचं. महाराष्ट्रात दारू प्यायला वय २५ लागतं, बिअरलाही २१. अठराच्या आतल्या लेकराला दारू, तंबाखू किंवा दुसरी नशा देणाऱ्याला बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७७ खाली ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड आहे. पोलिसांत जा असं मी म्हणत नाही. पण "एवढ्याशा बिअरनं काय होतंय" म्हणणाऱ्या दाजीला हे कलम समोर बसून सांगितलं, तर पुढच्या वरातीत त्याचा हात आखडतो. तुमच्या लेकराबरोबर आणखी चार लेकरं वाचतात.

आता तुमच्या मालकांबद्दल. ते कधीमधीच घेतात हे मी खरं धरते. मला फक्त एवढंच सांगा, पाव्हणे आले की सोडा आणायला कोण जातं? फरसाण, सिगारेट, तंबाखूची पुडी आणायला कुणाला पिटाळता? वॉर्डात नवा पेशंट भरती झाला की मी फॉर्मवर नसलेला एक प्रश्न विचारायचे. पहिल्यांदा तोंडाला लावली तेव्हा जवळ कोण होतं? अकरा वर्षांत अनोळखी माणसाचं नाव मी क्वचितच ऐकलं. काका, भाऊजी, मित्राचा थोरला भाऊ. नाहीतर बापाच्या बाटलीत तळाला उरलेली. आणि फार जणांनी हेच सांगितलं की आणायला मलाच पाठवायचे.

माझ्या घरातही हेच झालं. वडील मोंढ्यात हमाल होते. दिवसभर पोती वाहून संध्याकाळी अंग ठणकायचं. माणूस चांगला, आईवर कधी हात उगारला नाही. गुत्त्यावर स्वतः जायची लाज वाटायची म्हणून माझ्या धाकट्या भावाला बाटली देऊन पाठवायचे आणि उरलेले दहा पैसे त्याला द्यायचे. तो तेव्हा नऊ वर्षांचा. येताना कडुनिंबाखाली बसून झाकणभर चाखायचा आणि तेवढंच पाणी बाटलीत घालायचा. हे त्यानं मला पंचवीस वर्षांनी सांगितलं, वॉर्डातल्या खाटेवर, पोट पाण्यानं टम्म फुगलेलं असताना. चौतिसाव्या वर्षी रक्ताच्या उलट्या होऊन गेला. वडील पुढं आठ वर्षं जगले. त्या आठ वर्षांत त्यांनी थेंब घेतला नाही आणि कुठल्याच पोराला दुकानावर पाठवलं नाही, चहापत्ती आणायलासुद्धा.

तेव्हा ताई, उद्यापासून तुमच्या घरातला हा एक रिवाज मोडा. ज्याला पाहिजे त्यानं स्वतः उठून जावं आणि स्वतः घेऊन यावं. गावातल्या प्रत्येक घरानं एवढं केलं तरी फार होईल. पुढचे काही महिने पोरावर नजर असू द्या, पण पाळत ठेवल्यासारखी नको. झोपेचं गणित उलटं झालं, जुने मित्र एकदम तुटले, डब्यातले पैसे कमी होऊ लागले, शाळेतून गैरहजेरीचा निरोप आला, तर आणि तरच पुढचं पाऊल उचला. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते, तिथं दाखवा. सध्या तरी त्याला तुम्ही दोघं पुरे आहात.

लेक आन् सून दसऱ्यानंतर कोयत्याला, म्हंजी ऊसतोडीला, कर्नाटकात गेलेत. नातू बारा वर्षांचा, माझ्यापाशी असतो. शाळेमागं पोरांत बसून रुमालात पंक्चरचं सुलुशन घालून हुंगतो. मी काठी घेऊन धावतो, पण गुडघ्यानं पळता येत नाही. काय करावं?
— एक आजोबा, पाटोदा तालुका

दादा, त्यांच्यामागं काठी घेऊन पळू नका. गुडघ्यासाठी सांगत नाही, लेकराच्या जिवासाठी सांगते. सोल्युशन, व्हाइटनर, थिनर यांची वाफ अंगात असताना हृदयाचा ठोका नाजूक झालेला असतो. अशा वेळी पोरगं दचकलं, जीव घेऊन पळालं, तर हृदय जागीच बंद पडू शकतं. पहिल्यांदा हुंगणाऱ्या लेकराच्या बाबतीतही हे घडू शकतं. म्हणून दिसलं तर लांबून हळू हाक मारा. जवळ जा, रुमाल काढून घ्या, मोकळ्या हवेत बसवा. शुद्ध हरपली असेल तर कुशीवर वळवा आणि कुणाला तरी १०८ ला फोन लावायला सांगा. बोलायचं ते दुसऱ्या दिवशी सकाळी.

ही नशा लेकरांचीच जास्त. केंद्र सरकारनं एम्सकडून देशभराची पाहणी करून घेतली, ती २०१९ साली आली. त्यात १० ते १७ वयाच्या मुलांत हुंगणाऱ्यांचं प्रमाण १.१७ टक्के निघालं आणि मोठ्यांत ०.५८. बाकी कुठल्याच नशेत लेकरं मोठ्यांच्या पुढं नाहीत. कारण उघड आहे. ट्यूब स्वस्त मिळते, कुणी अडवत नाही, आणि हुंगलं की भूक कळत नाही. शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंतचा वेळ आणि रिकामं पोट, इथंच ही सवय लागते. तुमचा नातू वाईट नाही दादा. त्याला आईची आठवण येते आणि भूक लागते.

तेव्हा शाळा सुटायच्या वेळी तुम्ही फाटकापाशी जाऊन बसा. काठी असू द्या, पण टेकायला. घरी आल्या आल्या हातात काहीतरी खायला द्या, भाकरी-चटणी असली तरी चालेल. रात्री आठला टोळीवर फोन लावा, रोज त्याच वेळेला. मुकादमाच्या फोनवरून का होईना, आईचा आवाज कानावर पडला पाहिजे. सुनेला म्हणावं, अभ्यासाचं विचारू नकोस, काय खाल्लंस ते विचार. गावात हरिपाठ होत असेल तर तुमच्याबरोबर त्याला न्या आणि टाळ धरायला लावा.

पंक्चरवाल्याला आणि वह्या-पेनांच्या दुकानदाराला तुम्ही स्वतः सांगा, लेकरांना ट्यूब विकू नका. तुमच्या वयाचा माणूस दारात येऊन हात जोडतो तेव्हा सहसा कुणी नाही म्हणत नाही. गुरुजींना सांगा, पण फक्त नातवाचं नाव घेऊन नको. त्याच्याबरोबरची चार पोरंही बहुतेक कोयत्यावाल्यांचीच असणार. ऊसतोड मजुरांच्या लेकरांसाठी शाळांमधून हंगामी वसतिगृहं चालवतात. तुमच्या शाळेत आहे का, नसेल तर कुठं आहे, हे मुख्याध्यापकांना विचारा. एकदा ग्रामीण रुग्णालयात नेऊन तपासून आणा. लेकरांसाठीचा सरकारी फोन १०९८, तो आशाताईंकडून लावून घ्या.

माझं मेडिकल दुकान आहे. विशीतली पोरं खोकल्याचं पातळ औषध आणि झोपेच्या गोळ्या मागतात. चिठ्ठी मागितली की मोबाईलवर फोटो दाखवतात. मी नाही म्हणतो, ती समोरच्या दुकानात जातात. मी एकट्यानं गिऱ्हाईक गमावून काय साधतं?
— एक दुकानदार, सेलू तालुका

भाऊ, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. माझ्या रात्रपाळीत एकदा एकोणीस वर्षांचा मुलगा आणला होता, मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवून. ओठ निळे. दारू आणि त्यावर "बटन". संभाजीनगरकडं या झोपेच्या गोळ्यांना पोरं बटन म्हणतात. एकट्या गोळीनं जेवढं होत नाही ते दोन्ही मिळून करतात, श्वास मंद मंद होत थांबतो. तो वाचला. त्याच्या खिशात गोळ्यांची अर्धी स्ट्रिप होती, त्याच दिवशी कुठल्या तरी काउंटरवरून घेतलेली. समोरचा दुकानदार तुमच्यासारखा असता तर ती रात्र आलीच नसती.

कोडीनचं सिरप, अल्प्राझोलम, नायट्राझेपाम, ट्रामाडॉल ही सगळी एच-वन परिशिष्टातली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय न द्यायची औषधं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. २०१४ पासून त्यांचं वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं, डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती दिलं, आणि ते तीन वर्षं जपावं लागतं. हे रजिस्टर काउंटरवर दिसेल असं ठेवा. "नाव-पत्ता लिहावा लागेल" म्हटलं की खोट्या चिठ्ठीवाला बहुतेक वेळा आपणच निघून जातो.

गल्लीतल्या चार दुकानदारांना चहाला बोलवा. सगळ्यांनी मिळून एकच ठरवा, मोबाईलवरच्या फोटोवर ही औषधं द्यायची नाहीत. समोरचा ऐकत नसेल तर अन्न व औषध प्रशासनाचं कार्यालय जिल्ह्याला आहे. तक्रार करताना मन जड होईल, धंद्यातला माणूस आहे. तरी करा.

आणि एक विनंती. नाही म्हणताना त्या पोराला हळूच विचारा, "किती दिवसांपासून घेतोस?" काहींना आता गोळीशिवाय राहवत नसतं. महिनोन्‌महिने घेतलेली झोपेची गोळी एकदम तोडली तर झटके येऊ शकतात, म्हणून त्याला नुसतं हाकलू नका, डॉक्टरकडं पाठवा. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६, फोनला पैसे पडत नाहीत. तेवढे पाच आकडे काउंटरच्या काचेवर चिकटवा.

नीटच्या क्लाससाठी लातूरला राहतो. रूम पार्टनर आधी रविवारच्या टेस्टनंतर बिअर घ्यायचा, आता गांजा ओढतो. त्याच्या वडिलांनी एक एकर विकून फी भरली आहे. घरी सांगितलं तर मैत्री तुटेल, नाही सांगितलं तर मला झोप येत नाही.
— एक विद्यार्थी

लेकरा, तू आधी नीट झोप. हे ओझं तुझ्या एकट्याचं नाही.

त्यानं काही घेतलेलं नसेल अशा वेळी बोल, शनिवारी मेसवरून परत येताना वगैरे. "तू बिघडलास" म्हणू नकोस. जे पाहिलंस ते सांग. "तीन रविवार तू टेस्टचे मार्क पाहायच्या आधी बाहेर पडलास, मला भीती वाटते," असं. मग गप्प राहा. मला वाटतं, त्याच्या छातीवर ते एक एकर बसलंय. मार्क कमी पडले की त्याला पेपर दिसत नाही, विकलेलं वावर दिसतं. हे तो कुणाला तरी बोलला पाहिजे. टेलिमानस म्हणून सरकारी फोन आहे, १४४१६, रात्रंदिवस चालू, मराठीतून बोलतात. पहिला फोन तू लाव आणि स्पीकरवर ठेव.

पोलिसांची भीती त्याला असेल. त्याला सांग की जवळ थोडी मात्रा सापडलेला व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला तयार झाला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण देणारं कलम ६४अ १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातच आहे.

दोन आठवडे वाट पाहा. फरक पडला नाही तर त्याला तोंडावर सांग, "रविवारी मी तुझ्या घरी फोन करणार आहे, त्याआधी तू केलास तर बरं." वडिलांऐवजी थोरला भाऊ किंवा मामा असेल तर आधी त्यांना. मैत्री तुटेलही. माझ्या वॉर्डात अशा तुटलेल्या मैत्रीतले मित्र वर्षभरानं भेटायला आलेले मी पाहिले आहेत.

आणि एखाद्या रात्री तो हाक मारून उठला नाही, श्वास अडखळत असला, तर "झोपू दे, उतरेल" म्हणू नकोस. लिंबू, ताक, काही पाजू नकोस, घशात अडकतं. कुशीवर वळव, जवळून हलू नकोस, १०८ ला फोन कर.

लातूरच्या रूममालकांना आणि मेसवाल्या मावश्यांना माझं सांगणं आहे. आठवडाभर जेवायला न आलेल्या पोराचा डबा नुसता परत नेऊ नका, त्याच्या दारावर टकटक करा. त्या शहरात त्याचं दुसरं माणूस नाही.

मुलगा सतरा वर्षांचा. मिस्टर म्हणतात, थर्टी फर्स्टला घरातच थोडी देऊ, म्हणजे बाहेर चोरून पिणार नाही. बरोबर आहे का?
— उदगीर

नाही. ऑस्ट्रेलियात सुमारे १,९०० मुलांकडं सहा वर्षं पाहत राहून केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. आई-बापानं घरी दिल्यानं मुलं वाचतात असं त्यात कुठंही दिसलं नाही, उलट बाहेरून मिळवण्याची शक्यता वाढली. येळवसला, म्हणजे वेळा अमावस्येला, शेतात सगळं गोत जमतं, भज्जी आणि आंबिलावर दिवस जातो, लेकरं कोपीभोवती उड्या मारतात. थर्टी फर्स्टही तसाच करा, मिस्टरांसकट.

आमच्या बचत गटाला गावातलं देशी दारूचं दुकान बंद करायचं आहे. शाळा सुटली की पोरं तिथंच घुटमळतात. आडवी बाटली कशी करायची?
— वडवणी तालुका

बायांनो, दुकान परवान्याचं आहे ना, ते आधी पाहा. हातभट्टी असेल तर मतदानाची गरजच नाही, ती बेकायदाच आहे. राज्य उत्पादन शुल्क खात्याला आणि ठाण्यात लेखी कळवा, पोच घ्या.

परवान्याचं असेल तर २००८ सालचा शासनाचा आदेश तुमच्या कामाचा आहे. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी २५ टक्क्यांनी सह्या करून निवेदन द्यायचं. सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान. चिठ्ठीवर दोन चित्रं असतात, उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा.

खरी अडचण पुढं आहे. मतदानाला आलेल्यांतल्या निम्म्या बाया पुरत नाहीत, यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी ५० टक्क्यांहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. म्हणजे घरी बसलेली प्रत्येक बाई, लग्न होऊन गेलेली लेक, वारलेली म्हातारी, या सगळ्या आपोआप दुकानाच्या बाजूनं मोजल्या जातात. म्हणून सह्यांच्याही आधी मतदार यादी हातात घ्या. वारलेल्यांची आणि नांदायला गेलेल्यांची नावं रीतसर अर्ज देऊन कमी करून घ्या. प्रत्येक आळीला दोघी जणी नेमा, त्यांच्याकडं तीस-चाळीस नावं द्या, मतदानादिवशी घरातून बोलावून आणायची जबाबदारी त्यांची.

दुकानाच्या माणसांशी कुणी हुज्जत घालू नका आणि पत्रकं वाटायला लेकरांना पाठवू नका, तुम्हीच जा. तुमच्या तालुक्यातल्या निम्म्या बाया दिवाळीपासून कारखान्यावर असतात, त्यामुळं हिवाळ्यात मतदान लागलं तर हरलात म्हणून समजा. निवेदन अशा बेतानं द्या की तारीख गुढीपाडव्यानंतर लागेल, टोळ्या गावात परत आल्यावर. तोवर यादीचं काम संपवून ठेवा आणि काही अडलं तर मला परत लिहा.